ढोल्याचा गुडघा

ढोल्या नावाचं अस्वल पाच जागी हलतं. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या. बस. त्याला कोपर नाही आणि गुडघाही नाही. बसवलं तर दोन्ही पाय समोर ताठ पसरून धपकन बसतं, उठवलं तर ओंडक्यासारखं उभं राहतं. वीतभर उंचीचं, तपकिरी प्लॅस्टिकचं, पोटावर दोरीचं भेंडोळं रंगवलेलं. डोंगरात वाट चुकलेल्यांना सोडवून आणणारं प्राण्यांचं एक पथक होतं, त्यातला हा गडी.

हे सगळं मला पाठ आहे, कारण ढोल्याला टीव्हीवर चालतं-बोलतं करण्याचं काम माझी लेक करत असे.

बऱ्याच जणांना वाटतं की आधी कार्टून निघतं आणि ते मुलांना आवडलं की मग त्याची खेळणी येतात. मलाही तसंच वाटायचं. लेकीच्या स्टुडिओत मात्र उलटं होतं. खेळण्यांची कंपनी आधी खेळणी करी, खोक्यात भरून स्टुडिओत पाठवी आणि सांगे, आता यांच्या गोष्टी करा. गोष्टी बघून मुलं दुकानात हट्ट धरत. म्हणून चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या वाट्याचं खेळणं उभं असे, आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'हातात जमेल तेच पडद्यावर.'

त्याचा अर्थ लेकीने मला समजावला होता.

"मूल टीव्हीसमोर बसतं ना बाबा, तेव्हा त्याच्या हातात खेळणं असतं. टीव्हीतल्या ढोल्याने हात वर केला की ते आपल्या ढोल्याचा हात वर करतं. आता टीव्हीतल्या ढोल्याने डोकं खाजवलं, तर? याला कोपर कुठेय?"

"मग रडेल बिचारं."

"रडलं तर बरं. पण ते ओढून बघतं."

त्यामुळे तिथे कामाची एक रीत ठरलेली होती. कुठलीही हालचाल आधी खेळण्याकडून हाताने करून घ्यायची, मग कागदावर उतरवायची. एका सेकंदाला बारा चित्रं. टेबलात बसवलेली काच, काचेखाली दिवा, म्हणजे वरच्या कागदातून खालचं चित्र दिसतं आणि पुढचं त्याच्यापेक्षा केसभर सरकवून काढता येतं. चित्रांचा गठ्ठा तयार झाला की तो शेवटच्या टेबलावर जाई. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे भिंग म्हणत. त्यांच्या खणात पथकातलं प्रत्येक खेळणं होतं. ते गठ्ठा अंगठ्याने फर्र करून उलटत, डाव्या हातात खेळणं धरून ताडून बघत, आणि कुठे एखादा पाय नको तितका वळला असेल तर म्हणत, "हा पाय कोणाचा? माझ्या खणात असला पाय नाही." मग तो गठ्ठा परत.

माझी बायको गेल्यापासून मी लेकीकडेच राहतो. जावई जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात आम्ही तिघं: लेक, मी आणि नात. नातीला आम्ही खारू म्हणतो, कारण ती चालायला लागण्याआधी चढायला लागली होती. खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून कपाटावर. मी दारातून आत आलो की आधी छताकडे बघायचो.

सात वर्षांची असताना कुंपणावरून उतरताना तिच्या गुडघ्यात गंजलेली सळई शिरली. जखम लहानशी होती. आम्ही धुतली, पट्टी बांधली. चार दिवसांनी ताप चढला तेव्हा सांध्यात पू झालेला होता. दोन ऑपरेशनं झाली, चार महिने अंथरूण झालं. पाय वाचला, पण गुडघा आखडला तो आखडलाच.

तिची शाळा सुटली. मी छत्तीस वर्षं पहिली ते चौथीची मुलं शिकवली आहेत, तेव्हा तिचा अभ्यास माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर मला त्यात सुख होतं. वर्गात माझ्यासमोर पन्नास डोकी असत, त्यातलं एखादं खिडकीबाहेर बघत असलं तर त्याच्यापर्यंत पोचायला वेळ मिळत नसे. इथे एकच डोकं होतं. खिडकीबाहेर काय दिसतंय ते आधी दोघं मिळून बघायचो, मग गणिताकडे वळायचो.

ढोल्या तिच्याकडे आला तो दवाखान्यात. लेकीने स्टुडिओतून आणून उशाशी ठेवला. खारूने त्याला उलटसुलट करून पाहिलं, पाय हलवून पाहिले आणि म्हणाली, "याचापण वाकत नाही."

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. बाकीच्या मुलांना पथकातली शेळी आवडे, कारण ती टणाटण उड्या मारी. आमच्या घरात शेळीला कोणी विचारत नव्हतं. शनिवारी सकाळी दहाला ढोल्या टीव्हीवर ताठ पाय कमरेतून फेकत डोंगर चढायला लागला की खारू मला कोपराने ढोसायची. "बघा आजोबा, कसा चालतो! माझ्यासारखा." आणि त्यात काही खोटंही नव्हतं. लेक सांगायची, हिच्याकडे बघून ढोल्याची चाल मला खरी सापडली.

गुडघ्यासाठी रोज सकाळी व्यायाम असे. गुळगुळीत फळीवर पावडर टाकायची, त्यावर पाय ठेवायचा आणि टाच हळूहळू स्वतःकडे ओढायची. त्यात तिला फार दुखे. ती ओरडत नसे. खालचा ओठ दातात धरून एक डोळा मिटून घेई, आणि त्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी येई. व्यायाम झाला की मी गुडघ्याचा कोन मोजायचो. शाळेतून निवृत्त होताना मी फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला होता. तिच्या मांडीशी तो धरायचा, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पंधरा अंश. दुसऱ्या दिवशी पंधरा. महिनाभर पंधरा.

मग हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. खारूला बाहेर बाकावर बसवून लेक आणि मी आत गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. सांध्याची दोन्ही हाडं एकमेकांना धरून बसली आहेत, म्हणाले. गुडघा याहून वाकणार नाही. मोठी झाल्यावर, वाढ पुरी झाल्यावर, काही करता आलं तर बघू, पण त्याचं वचन देत नाही. "आता ओढाताण बंद करा. पोरीला फुकट दुखतंय. ताठ पायाने नीट चालायला शिकवा, जिने शिकवा. माणसं आयुष्य काढतात हो. पण ते आत्ताच शिकायला हवं."

आम्ही बाहेर आलो. खारू बाकावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर ढोल्या.

"काय म्हणाले?"

लेक बोललीच नाही. मुलांच्या प्रश्नाला गप्प राहू नये, ही माझी जुनी सवय. मी म्हणालो, "चांगलं चाललंय म्हणाले."

"मग वाकेल?"

"हळूहळू."

"म्हणजे किती दिवस?"

"आता ते कसं सांगणार? रोज थोडं."

"मग करते," ती म्हणाली आणि आमच्याआधी उठली.

घरी आल्यावर लेक मला म्हणाली, "सांगू या बाबा, पण जरा दम धरू. आत्ता कुठे हसायला लागलीय." मलाही तेच हवं होतं. एकदा वाकेल म्हटल्यावर सकाळचा व्यायाम बंद कसा करणार? तो चालू राहिला. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "आज किती?" मी कोनमापक धरला, पंधरा वाचलं आणि सोळा म्हणालो. वहीत सोळा लिहिलं. त्या दिवशी ती दुपारी गाणं म्हणत होती.

त्याच सुमाराची गोष्ट. लेक डबा विसरून गेली म्हणून मी तो घेऊन स्टुडिओत गेलो होतो. तिच्यापुढे नवीन भागाचा कागद होता. शेळीचं पिल्लू बर्फात अडकलंय, घाबरलंय, कोणालाच जवळ येऊ देत नाही. पुढे लिहिलेलं होतं: 'ढोल्या त्याच्याजवळ बसतो.' एवढंच.

तिने टेबलावरचा ढोल्या उचलला आणि रबराच्या तुकड्याला पिल्लू समजून त्याच्याजवळ बसवला. धप. दोन्ही ताठ पाय पिल्लाच्या अंगावर. मागे सरकवून बसवला, तर तोंड आकाशाकडे. कुशीवर ठेवला, तर मेल्यासारखा दिसायला लागला.

"असा कोणी जवळ येऊन बसला तर पिल्लू आणखी पळेल," मी म्हणालो.

"हो ना."

तिने चौथ्यांदा त्याला हातात घेतलं आणि नुसतंच बघत राहिली. मग खण उघडला, ढोल्याला आत ठेवलं आणि खण लावून टाकला. नवा कागद काचेवर बसवला. मी शेजारच्या स्टुलावर होतो. मला ते उमटताना दिसत होतं. मांडी, मग मांडीखाली वळण, मग पोटरी मागे. पुढच्या कागदावर तेच वळण थोडं अधिक. ढोल्या गुडघ्यातून वाकत वाकत पिल्लाच्या उंचीला येत होता. इतकं मऊ आणि इतकं सावकाश. नियम मला तिच्याइतकाच पाठ होता. मी बोलायला हवं होतं. डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे सरकवलं, एवढंच मी केलं.

गठ्ठा भिंगांकडे गेला. त्यांनी तो एकदा उलटला, मग पुन्हा उलटला. खणातून ढोल्या काढला, त्याच्या सरळसोट पायाकडे बघितलं आणि परत ठेवून दिला. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि गठ्ठ्यावर शिक्का मारला.

"काय हो, आज एकदम पास?" कोणीतरी थट्टेने विचारलं.

"सर्दी झालीय," भिंग म्हणाले. "जास्त बोलवत नाही."

तो भाग टीव्हीवर यायला सहा आठवडे लागले. तोपर्यंत वहीतला आकडा एकवीस झाला होता.

शनिवारी खारू आणि मी नेहमीसारखे टीव्हीसमोर बसलो. लेक स्वयंपाकघरात होती आणि ती बाहेर आली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. बर्फ आलं, पिल्लू आलं, ढोल्या आला. तो थांबला. वाकला. गुडघा टेकवून पिल्लाच्या तोंडाशी तोंड नेलं. खारू ढोसायची थांबली. भाग संपून जाहिराती लागल्या तरी ती समोरच बघत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "त्याला जमलं."

मी 'हूं' केलं.

"कोणाला सांगितलं नाही त्याने. गुपचूप व्यायाम करत असणार." मग तिने मांडीवरचा ढोल्या उचलला, त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि माझा हात पोचायच्या आत वाकवला. काट्कन आवाज झाला. पाय मांडीच्या मध्यावर तुटून तिच्या मुठीत आला. मला वाटलं, आता रडेल. ती तुकडा जागेवर लावून बघत म्हणाली, "चूक माझी आहे. एकदम वाकवला मी. रोज थोडं थोडं करायला हवं होतं, तुम्ही म्हणता तसं."

दुसऱ्या दिवसापासून तिने व्यायाम दुप्पट केला. माझी वाट न बघता स्वतःच फळी काढायची, पावडर टाकायची, टाचेला पंचा गुंडाळून दोन्ही हातांनी ओढायची. मी 'पुरे' म्हटलं की म्हणायची, "एकवीस झालेत ना? ढोल्याने मध्येच सोडलं असतं तर?" चौथ्या दिवशी गुडघा सुजून लाल झाला. लेकीने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

इकडे घराघरांत तेच झालं होतं. पंधरा दिवसांनी मी स्टुडिओत गेलो तेव्हा दाराशीच तीन पोती होती. एकाचं तोंड सुटलेलं. आत ढोल्येच ढोल्ये, कोणाचा उजवा पाय तुटलेला, कोणाचा डावा, कोणाचे दोन्ही. दुकानांतून परत आलेले. पोत्यांपलीकडे स्टुडिओचे साहेब उभे होते आणि खेळण्यांच्या कंपनीच्या बाई. लेक आणि भिंग त्यांच्यासमोर.

"नियम काय आहे?" साहेब विचारत होते.

"हातात जमेल तेच पडद्यावर," लेक म्हणाली.

"पाठ आहे. मग?"

लेकीने पोत्यांकडे बघितलं.

"पास मी केलं, साहेब," भिंग म्हणाले.

"तुमच्याकडे येतोच आहे. तुम्ही भिंग ना हो? की नुसतीच काच?"

कंपनीच्या बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी पोत्यातला एक ढोल्या उचलला होता आणि त्याचा तुटका पाय त्या अंगठ्याने चाचपत होत्या. "माझ्या भाच्यानेसुद्धा मोडला," त्या म्हणाल्या. "त्याला विचारलं, तर म्हणतो, तो बसत नव्हता, मी त्याला शिकवत होतो." मग त्यांनी सांगितलं की कंपनी ढोल्या बंद करतेय. दुकानांतून उचलला, आता कार्टूनमधूनही काढायचा.

"त्याचा निरोपाचा एक प्रसंग करू?" लेकीने विचारलं. "दहा सेकंद. एकशेवीस चित्रं. मी एकटी काढते."

"चित्रांचा प्रश्न नाही हो. निरोप दाखवला की मूल दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तेच मागतं. काहीच दाखवलं नाही की पंधरा दिवसांत विसरतं. आम्ही हे आधी करून बघितलंय. तो नसतो, आणि कोणी त्याचं नाव घेत नाही. बस."

"सगळी नाही विसरत," लेक म्हणाली.

बाईंनी ढोल्याला परत पोत्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. "बहुतेक विसरतात," त्या म्हणाल्या.

लेकीची नोकरी गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं ती नंतर एकदा म्हणाली. तयार असलेल्या भागांतून ढोल्याला काढायचं काम तिलाच दिलं. जिथे कापून भागेल तिथे कापायचं, जिथे भागणार नाही तिथे चित्रं नव्याने काढायची. पथक दोरी ओढतंय आणि दोरीच्या टोकाला ढोल्या आहे, असं चित्र असलं की दोरीचं टोक झाडाला बांधायचं.

त्या संध्याकाळी आम्ही चालत घरी येत होतो. मी म्हणालो, "खारूला सांगून टाकू."

"कुठलं? ढोल्याचं की गुडघ्याचं?"

"दोन्ही."

"एक सांगितलं की ती दुसरं विचारेल, बाबा."

"विचारेलच."

"मग आज नको." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तुम्ही वहीत रोज काय लिहिता ते मला माहीत आहे."

मी चालण्याचा वेग वाढवला.

नव्या चित्रांना वेळ लागत होता, म्हणून चार शनिवार जुनेच भाग दाखवले. ढोल्या पथकात दुसऱ्या वर्षी आला होता. हे त्याच्या आधीचे होते. खारू मला समजावून सांगायची, "हे जुने आहेत, आजोबा. तेव्हा तो आला नव्हता. नवीन लागले की येईल." गुडघ्याची सूज उतरली तशी फळी पुन्हा निघाली. मी कोनमापक हातात घेई. तो धरायचो, पंधरा वाचायचो आणि बावीस म्हणायचो.

पाचव्या शनिवारी नवा भाग लागला. त्या दिवशी लेकही येऊन बसली. सुरुवातीच्या गाण्यात पथक ओळीने चालत येतं. खारूने बोटाने मोजलं. मग उरलेला अर्धा तास तिने एक शब्द काढला नाही. दरड कोसळली, दोरी झाडाला बांधली, पिल्लं सुटली, सगळे आनंदाने नाचले. ढोल्या कुठे आहे, असं कोणी कोणाला विचारलं नाही.

"कोणी त्याचं नावसुद्धा काढलं नाही," ती म्हणाली.

लेकीने उठून टीव्ही बंद केला.

"ढोल्याचा पाय मोडला, म्हणून त्याला काढला?" उत्तरासाठी ती थांबली नाही. खाली उतरून तिने पलंगाखालून फळी ओढली, पावडरचा डबा घेतला. "चला आजोबा. आज दोनदा करू. लवकर लवकर करायला पाहिजे." पावडर जमिनीवर सांडत होती. तिने टाच ठेवली, पंचा गुंडाळला आणि ओढायला लागली. ओठ दातात. एक डोळा मिटलेला.

लेकीने खाली बसून तिची टाच हातात धरली. "थांब. ओढू नकोस."

"सोड ना, आई!"

"ढोल्याला गुडघा नाहीये, खारू. कधीच नव्हता."

"मी बघितलाय."

"तू मी काढलेला बघितलास. त्याला वाकायला जमत नव्हतं. मी खोटा काढला."

"का?"

"मला बघायचा होता म्हणून."

खारू बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण माझा वाकतोय. बावीस झालेत. वहीत आहे."

माझ्या वर्गात मी कोणाला अर्धा गुण फुकट दिला नाही. मुलं माझ्या मागे मला 'तराजू' म्हणायची, मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचं. त्या जिभेने मला आता बोलायचं होतं.

"वहीत मी लिहिलंय, बाळा."

"मोजून लिहिलंय ना."

"मोजलं तेव्हा पंधरा होते. बावीस मी मनाने लिहिले."

"आज किती आहेत?"

"पंधरा."

"आणि पहिल्या दिवशी?"

"पंधरा."

तिने पंचा सोडला. दोन्ही हात पावडरीने पांढरे झाले होते, ते तिने फ्रॉकला पुसले. मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, त्यांच्या शब्दांत, काही न गाळता. हाडं एकमेकांना धरून बसली आहेत. याहून वाकणार नाही. मोठी झाल्यावर बघू, पण वचन नाही. हेही सांगितलं की ते तीन-साडेतीन महिन्यांपूर्वीच म्हणाले होते.

"तुम्ही म्हणालात, चांगलं चाललंय म्हणाले."

"हो. तसं मी म्हणालो."

ती रडली नाही. विचार करत होती. अवघड गणिताला कपाळावर आठी पडते तशी आठी पडली होती.

"मग मला दुखत होतं, ते?" तिने विचारलं.

मी लेकीकडे बघितलं, लेक जमिनीकडे बघत होती. मुलांच्या प्रश्नाला गप्प राहू नये, असं मानणारा मी गप्प राहिलो.

"ते तर खरंच दुखत होतं," खारू म्हणाली आणि फळीला पायाने दूर सारून भिंतीकडे तोंड करून झोपली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली, पण कामापुरतं. नवव्या दिवशी तिने आईला विचारलं, "जिने कोण शिकवणार होतं?"

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी शिकवलं. वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ताठ पाय आधी. ताईंनी आठ दिवसांत होईल म्हटलं होतं, तिला पाचच लागले. "हिला तीन महिन्यांपूर्वीच का नाही आणलंत?" ताईंनी विचारलं. "पाठीला वाकडं वळण लागलंय. आता ते काढायला वेळ जाईल." खारूने माझ्याकडे बघितलं.

ती परत शाळेत जाते. वर्गाच्या बाईंनी पाय ठेवायला बाकासमोर एक स्टूल दिलं आहे. शनिवारी टीव्ही लागत नाही. लेक स्टुडिओत आता पथकातलं घुबड काढते. मी एकदा विचारलं, कसं काय आहे घुबड? तर म्हणाली, "बरं आहे. त्याचे पाय पिसांत लपलेले असतात."

संध्याकाळी खारू अजून माझ्याकडेच अभ्यासाला बसते. दुसरं कोण आहे? वही पुढ्यात घेते, नीट ऐकते, अडलं की विचारते. काल गुणाकार चालला होता. एका जागी पेन्सिल थांबली.

"आजोबा, आठ साते?"

"छप्पन्न."

तिने लिहिलं नाही. मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली. "आई, आठ साते छप्पन्नच ना?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. "छप्पन्नच," लेक म्हणाली.

मग तिने लिहिलं. हल्ली मी सांगितलेलं प्रत्येक उत्तर ती असंच विचारून घेते. तिथून होकार येईपर्यंत मी थांबतो, आणि मग आम्ही पुढच्या गणिताकडे वळतो.